आधी पावलं, मग कडी

गेल्या मे महिन्यातल्या एका शनिवारी, दुपारच्या खेळाला, मॉलच्या वरच्या मजल्यावरच्या रखवालदारानं माझ्या बाबांच्या सदऱ्याच्या खिशातून कांदा काढला. बाहेरचं खाणं आत नेता येत नाही, म्हणाला. बाबा म्हणाले, "अरे भाऊ, हे खायाचं नाही, हे उन्हासाठी हाय." तो गडी बहुधा बाहेरगावचा असावा. ऊन लागू नये म्हणून खिशात कांदा घेऊन फिरणारी म्हातारी माणसं त्यानं पाहिली नसावीत. तो कांदा तळहातावर घेऊन बघत राहिला आणि मागे रांग खोळंबली. माझं डोकं आधीच तापलेलं होतं. "ठेवून घ्या तो, भजी करा," असं त्याला हिंदीत सुनावून मी बाबांचा दंड धरला आणि त्यांना आत नेलं. बाबा मान वळवून सांगतच होते, "जाताना नेईन बरं, माहा हाय तो."

त्या दिवशी माझ्या डोक्यात कांदा नव्हता. पुण्याच्या एका मोठ्या प्रयोगशाळेनं मला नोकरी देऊ केली होती आणि हो की नाही ते सोमवार संध्याकाळपर्यंत कळवायचं होतं. रक्त, थुंकी, लघवी तपासण्यात माझी चौदा वर्षं नागपुरातल्या एका लहानशा लॅबमध्ये गेली होती. पुण्यात एक अख्खा विभाग हाताखाली मिळणार होता. बाबांना मी यातलं अवाक्षर सांगितलं नव्हतं. कारण बाबांना दिसत नाही.

काचबिंदूनं आधी कडेचं नेलं, मग मधलं. आता खिडकी कुठे आहे एवढं त्यांना कळतं, तेही उन्हाळ्यात. आई सहा वर्षांपूर्वी गेली. भाऊ कॅनडात असतो आणि दर रविवारी फोनवर 'काळजी घ्या' म्हणतो. म्हणायचं काम त्याचं आणि घ्यायचं माझं, अशी आमची वाटणी आहे. नागपूरच्या मानकापूर भागात, दुसऱ्या मजल्यावरच्या फ्लॅटमध्ये आम्ही दोघंच. रोज सकाळी साडेआठला मी लॅबला निघायची आणि दाराला बाहेरून कुलूप लावायची. बाबा आत.

हे लिहायला बरं वाटत नाही, पण तसंच होतं. तीन वर्षांपूर्वी बाबा घराच्या दाराला आतून कडी लावून न्हाणीघरात पडले. मी लॅबमधून आले तर दार उघडेना. आतून त्यांचं कण्हणं ऐकू येत होतं. सुतार येईपर्यंत पाऊण तास मी दाराला कपाळ टेकून "बाबा, बोलत राहा, बाबा, बोलत राहा" म्हणत उभी होते. मनगट मोडण्यावर निभावलं. त्याच आठवड्यात मी पेचकस घेतला आणि आतली कडी काढून टाकली. तिच्या जागी उरलेल्या भोकांमध्ये मेणबत्तीचं मेण भरलं. एक किल्ली शेजारी ठेवली. तेव्हापासून आमचं दार फक्त बाहेरून बंद व्हायचं. बाबा एकदाच म्हणाले होते, "म्हणजे आता माहं दार माह्या हातात नाही." मी म्हणाले, तुमच्या भल्यासाठीच आहे. त्यानंतर तो विषय कुणी काढला नाही.

सिनेमाला मात्र मी त्यांना न्यायची. महिन्यातून एकदा, मागच्या रांगेतल्या कोपऱ्यातल्या खुर्च्या, म्हणजे माझ्या कुजबुजीचा कुणाला त्रास नको. संवाद बाबा ऐकायचे, चित्र मी सांगायची. आणि कसं सांगायचं, तेही त्यांनीच ठरवून दिलेलं होतं.

बाबा कोराडीच्या वीज केंद्रात टर्बाइनवर होते. आम्ही तिथल्या कॉलनीत वाढलो. वाळत घातलेल्या कपड्यांवर राख बसायची आणि चोवीस तास एक गुणगुण कानात असायची. ती गुणगुण आम्हाला ऐकूच यायची नाही, इतकी ती रोजची होती. पण एखादा वीजनिर्मिती संच बंद पडला की तिच्यात फरक पडायचा आणि जेवत असलेली माणसं हातातला घास ताटात ठेवून उठायची. बाबांकडे हातभर लांब पोलादी सळई होती, एका टोकाला लाकडी मूठ असलेली. सळईचं टोक मशीनच्या अंगाला लावायचं, मूठ कानाला. आत बेअरिंग नीट फिरतंय की घासतंय, ते त्यांना कळायचं. निवृत्त होताना ती सळई त्यांनी घरी आणली. आजही कूलरची मोटर कुरकुरली की ते सळई लावून बसतात आणि सांगतात, पाणी कमी हाय की बुश गेला.

त्या नोकरीत दर तासाला काट्यांवरचे आकडे वहीत टिपायचे असतात. त्याला सगळे 'रीडिंग' म्हणत. एका सहकाऱ्यानं मशीनपाशी न जाता खुर्चीत बसून मनचे आकडे लिहिले, तर बाबा त्याच्याशी जन्मभर बोलले नाहीत. त्याच्या मुलीच्या लग्नालाही गेले नाहीत. आईनं परोपरीनं समजावलं, तर म्हणाले, "ज्यानं खोटं रीडिंग देल्लं, तो माणूस कायचा?" सिनेमात बसलो की माझ्या मनगटावर दोन बोटं ठेवून ते हळूच म्हणायचे, "दे रीडिंग." म्हणजे पडद्यावर दिसतं ते सांग. कसं वाटतं ते सांगायचं नाही. एकदा मी 'भयानक डोंगर' म्हणाले तर म्हणाले, "भयानक नोको. उंच हाय का बुटका, ते सांग."

त्या शनिवारचा सिनेमा परग्रहावरून आलेल्यांचा होता, हिंदीत आणलेला. मारधाड असेल, मोटारी उडतील, बाबांना मजा येईल, एवढाच विचार करून मी गेले होते. पण तो सिनेमा भलताच निघाला. त्यातले ते परके जीव उंच आणि काटकुळे होते, शेंडा जळालेल्या शिंदीच्या झाडांसारखे. ते ओरडत नाहीत, पळत नाहीत, बंदुका चालवत नाहीत. ते जवळ आले की सगळे आवाज बंद होतात. माणूस तोंड उघडून किंचाळतो आणि ऐकू काही येत नाही. पाखरं गप्प, वारा गप्प. ज्याला हे उशिरा कळलं तो गेला.

पहिल्यांदा आवाज गेला तेव्हा थिएटरमध्ये कुणीतरी हसलं. बाबांची बोटं माझ्या मनगटावर आवळली गेली.

"काय झालं? लाइट गेली का?"

"नाही बाबा. सिनेमा सुरू हाय. ते आले की आवाज जाते."

"पूर्ण?"

"पूर्ण."

त्यानंतर जेव्हा जेव्हा आवाज गेला तेव्हा त्यांचा श्वास अडकायचा, आणि मला तो ऐकू यायचा, कारण दुसरं काही ऐकायलाच नसायचं. मला फार वाईट वाटलं. ज्या माणसाचं सगळं जग कानात उरलंय, त्याला मी हौसेनं इथे आणून बसवलं होतं. "जाऊ का आपण?" मी विचारलं. ते म्हणाले, "गप. रीडिंग दे."

गोष्टीत एक बाप आणि त्याची तरुण मुलगी एका पाणीपुरवठ्याच्या पंपघराच्या तळघरात अडकतात. बापाच्या मांडीचं हाड मोडलेलं. लोखंडी दार, वर एक झरोका, चार बाटल्या पाणी. मुलगी झरोक्यातून बघते आणि बापाला सांगते, बाहेर काय दिसतं ते. पडद्यावरची मुलगी बापाला सांगत होती आणि मागच्या रांगेत मी माझ्या बापाला तेच सांगत होते. वर पंखा नाही, एसी गारठवून टाकणारा, आणि तरी माझ्या मानेवरून घाम ओघळत होता. समोरच्या रांगेतला माणूस दोनदा मागे वळून बघून गेला. तिसऱ्यांदा म्हणाला, "मॅडम, पिक्चर बघू द्या ना." मी म्हणाले, "तुम्हाला दोन डोळे आहेत, बघा की." बाबांनी माझं मनगट दाबलं. उठून जाता येईना, गप्प बसता येईना. पर्समध्ये फोन थरथरला, तो पुण्याचाच असणार असं वाटून मी तो बंद केला.

तळघराचे प्रसंग लांबतच गेले. पाणी संपत आलं. दूरच्या टेकडीवरून माणसांना घेऊन जाणारी गाडी सुटणार, ही शेवटचीच. टेकडीपर्यंत पळत जावं लागणार, आणि बापाला तर उभंही राहता येत नाही. मला पुढचं दिसायला लागलं. मुलगी जाणार. असल्या सिनेमांत कुणीतरी जातंच, आणि मागे राहणारा राहतो.

मग ते जवळ आले आणि आवाज गेला. पडद्यावर बाप मुलीच्या हातात पिशवी देतो. मुलगी मान हलवते. तो पुन्हा देतो. ती पिशवी घेते आणि उठते.

"दे ना वं," बाबा पुटपुटले. "काय सुरू हाय?"

"बसले आहेत दोघं," मी म्हणाले.

आयुष्यात पहिल्यांदा मी बाबांना खोटं रीडिंग दिलं. आणि एकदा दिल्यावर थांबता येईना. मी पडद्याकडे बघायचं सोडून दिलं. अंधारात बाबांचा चेहरा जेवढा दिसत होता तेवढ्याकडे बघत मी सांगत सुटले, "पोरगी बापाजवळ बसली. तिनं त्याचा हात धरला. आता बाहेरून माणसं आली, गाडीवाले. त्यांनी बापाला उचललं. दोघांनाही घेऊन चालले." मध्येच आवाज परत आला, काहीतरी वाजलं, मोठं संगीत सुरू झालं, आणि मी मान वर केली तेव्हा मुलगी टेकडीवर होती. एकटी. उजाडत होतं. "दोघं पोचले," मी म्हणाले.

बाबांनी माझ्या मनगटावरची बोटं काढून घेतली. मग म्हणाले, "बरं झालं."

बाहेर त्या रखवालदारानं कांदा खरंच ठेवला होता, कागदी रुमालात गुंडाळून. बाबांनी त्याला आशीर्वाद दिला आणि रिक्षात बसल्यावर तोंडाला दुपट्टा बांधून घरापर्यंत एक शब्द बोलले नाहीत. मला वाटलं, उन्हानं.

आमच्या इमारतीच्या आवारात कडुनिंब आहे आणि खाली सिमेंटचे दोन बाक. उन्हाळ्यात सकाळी सातला तिथे चार-पाच निवृत्त मंडळी जमतात. आदल्या दिवशी सिनेमा पाहिला असेल तर बाबा तो तिथे सांगतात, सुरुवातीपासून शेवटापर्यंत, सगळे आवाज काढून. न पाहिलेला सिनेमा ते जेवढा रंगवतात, तेवढा पाहणाऱ्यालाही जमत नाही. रविवारी मी त्यांना खाली बसवून वर आले, चहा केला आणि थर्मास घेऊन पुन्हा खाली निघाले. जिन्याच्या तोंडाशी आले तर गोष्ट शेवटावर आली होती. मी तिथेच थांबले. मला ऐकायचं होतं, माझं खोटं ते कसं सांगतात.

"मंग पोरगी गेली," बाबा म्हणाले.

माझ्या हातातला थर्मास सुटता सुटता राहिला.

"बापाले टाकून?" असं विचारणारे आमच्या खालच्या मजल्यावरचे काका, आयुष्यभर बस चालवलेले. "कशी पोरगी गा हे?"

"टाकून नाही. ऐक ना. आवाज वापस आला तं पहिले काय वाजलं? पावलं. एकाच माणसाचे. पळत जाऊन राहिले, दूर दूर. आन् मंग वाजली कडी. लोखंडी, जड. आता तूच सांग. पोरीनं बाहेरून कडी लावली असती तं कडी पहिले वाजली असती, पावलं मंग. इथं पावलं पहिले. म्हणजे कडी आतून लागली. बापानं लावली."

"पाय मोडला होता ना त्याचा?"

"घासत गेला असंन. घासल्याचा बी आवाज होता मंधात, बारीक. त्यानं कडी लावली, का पोरगी वापस येऊ नये म्हणून."

काकांनी चक् असा आवाज केला. "तुले दिसत नाही, तुले हे कोणं सांगतलं? पोरीनं?"

"नाही," बाबा म्हणाले. "पोरीनं तं सांगतलं का दोघंही गेले. तिले तसं पाहाचं होतं. मी काही म्हटलं नाही."

मी थर्मास पायरीवरच ठेवला आणि वर निघून आले. कुणीतरी भर चौकात थोबाडीत द्यावी तसं झालं होतं. मला डोळे होते आणि तरी तो कडी लावणारा बाप मला दिसला नव्हता, कारण त्याच वेळी मी खोटं बोलण्यात गुंतले होते. त्याची लाज वाटायला हवी होती. पण मला आधी राग आला. माझा स्वभावच तसा आहे. चूक माझी असली की मी जास्त चिडते.

काका बाबांना वर सोडून गेले आणि दार लागताच मी सुरू झाले. "थिएटरात काहून नाही बोलले? सगळ्या लोकांत माझी शोभा केली!"

"तू दमली होती."

"मी खोटं रीडिंग दिलं तर दिलं. तुम्हाला तळघरात एकट्या राहिलेल्या म्हाताऱ्याचं सांगायचं होतं का मी? तुमच्या तोंडावर?"

बाबा खुर्ची चाचपून बसले. सदऱ्याच्या खिशातला कांदा काढून त्यांनी टेबलावर ठेवला. "थेटरातलं सोड," म्हणाले. "खोटं रीडिंग तं मंगळवारपासून देऊन राहिली ना तू. बाथरूममंधी नळ सुरू करून कोणी फोनवर बोलते का? नळ एक आवाज हाय, तू एक आवाज हाय. दोन्ही वेगळे ऐकू येते. पुणं. सोमवारपर्यंत सांगा लागते. हाव का नाही?"

तीस वर्षं मशीनच्या आतलं ऐकलेल्या माणसापासून मी नळाच्या आवाजात नोकरी लपवायला निघाले होते.

"मी जाणार नाही," मी शेवटी म्हणाले. "तुम्हाला असं टाकून कशी जाऊ?"

"आत्याले बोलाव."

आत्या म्हणजे बाबांची धाकटी बहीण. कळमेश्वरला एकटी राहते, सहा महिन्यांपासून नागपूरला येते म्हणते, आणि सहा महिन्यांपासून मी तिला काहीतरी सांगून टाळते. घर लहान आहे. उन्हाळा होऊ दे. तिचा टीव्ही खालच्या मजल्यापर्यंत ऐकू जातो. बाबांना हे सगळं माहीत होतं, कारण ती फोन घरातल्याच नंबरवर करते आणि मी तो स्वयंपाकघरात नेऊन बोलते.

"ती बॅग भरून बसली हाय," बाबा म्हणाले. "तूच नोको म्हणून राहिली. बेटा, तू माह्यासाठी थांबून नाही राहिली. तू भेऊन राहिली."

मी ओरडले. काय काय बोलले ते लिहीत नाही. भावाचं काढलं, आईच्या आजारपणाचं काढलं, चौदा वर्षांचं काढलं. बाबा ऐकत राहिले, मान थोडी तिरपी करून, कूलर ऐकतात तशी. माझं संपल्यावर त्यांनी विचारलं, "झालं?" आणि मला रडू फुटलं. कारण ते खरं होतं. अडतीस वर्षांची झाले होते आणि एकटी एक रात्र कुठे राहिले नव्हते. लग्नाचं विचारलं की बाबांचे डोळे. बदलीचं विचारलं की बाबांचे डोळे. मी बाबांना कुलूप लावून जात होते आणि किल्ली माझ्याकडे होती, तरी बाहेर कुठे जात होते मी? लॅबला आणि परत. मला भीती वाटत होती, आणि ती मी त्यांच्या नावावर खपवत होते.

बाबांनी मला रडू दिलं. मग म्हणाले, "संध्याकाळी बाजारात जाशीन तं एक कडी आण. लोखंडी. आतून लावाची."

"काही कडी-बिडी लागत नाही."

"लागते. माहं दार हाय."

आत्याला मी त्याच दुपारी फोन केला. ती "गुरुवारी येतो" असं म्हणून मी आणखी काही बोलायच्या आत फोन ठेवून मोकळी झाली, मी बेत बदलीन या भीतीनं बहुधा. संध्याकाळी कडी आणली.

सोमवारी सकाळी आंघोळ करून मी पेचकस घेतला. जुन्या भोकांतलं मेण केसांच्या आकड्यानं कोरून काढलं. बाबा शेजारी स्टुलावर बसून हातातले स्क्रू एकेक करून देत होते. कडी बसल्यावर त्यांनी ती चार वेळा मागेपुढे केली आणि म्हणाले, "सुकी हाय. तेल दे." मी खोबरेल तेलाचं बोट फिरवलं. तेव्हा कुठे त्यांचं समाधान झालं.

"आत्या येईपर्यंत लावायची नाही," मी बजावलं. "पडलात तर शेजारच्यांना उघडता येणार नाही."

"नाही लावत. आज एक डाव. बाहेर जा, पाहू दे कशी वाजते ते."

मी पर्स खांद्याला लावली आणि बाहेर आले. दार लागलं. मी उंबऱ्याबाहेर उभी राहिले, कडीचा आवाज व्हायची वाट बघत. तो होईना. मग दाराच्या आतल्या अंगाला बारीकसा टक् असा आवाज झाला. सळई टेकवली होती त्यांनी. लाकडी मूठ कानाला लावून ते दारापलीकडून मला ऐकत होते.

"बाबा, लावा ना," मी म्हणाले.

"पावलं नाही वाजले अजून."

"मी इथंच आहे."

"समजते मले. म्हणून तं. पहिले पावलं वाजू दे, मंग कडी."

तीन वर्षांपूर्वी याच दाराला मी कपाळ टेकलं होतं. या वेळी टेकलं असतं तर त्यांना ते ऐकू गेलं असतं. मी वळले आणि पायऱ्या उतरायला लागले. एक, दोन, तीन. मधल्या वळणावर पोचले आणि वर कडी सरकली. तेल लावूनही ती चांगली खणखणीत वाजली. त्या क्षणी मला धावत वर जावंसं वाटलं, दार बडवावंसं वाटलं, आणि वर गेले तरी दार उघडणार नाही हेही मला ठाऊक होतं. तिथेच, वळणावर उभं राहून मी फोन काढला आणि पुण्याला कळवलं की मी येते. एवढी एक ओळ लिहायला मला बराच वेळ लागला.

वरून, बंद दाराआडून, बाबांचा आवाज आला.

"थांबली काहून वं?"

मी उरलेल्या पायऱ्या पाय आपटत उतरले, त्यांना शेवटच्या पायरीपर्यंत ऐकू जावं म्हणून.